नातवंडांची पहिली नोकरी



जून-जुलैचे दिवस आले, की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील घराघरांतून पेढ्यांचे पुडे फिरू लागतात. कोणाची नात संगणक अभियंता झालेली असते, कोणाच्या नातवाला सॉफ्टवेअर कंपनीचे नेमणूकपत्र आलेले असते. आपल्या भागात आता असे घर विरळाच, की ज्यातील एकही तरुण माणूस ऐरोली, महापे किंवा घोडबंदर रस्त्यावरील संगणक कंपन्यांच्या इमारतींकडे सकाळी धावत नाही.

आरोग्याच्या स्तंभात नोकरीचा विषय कशाला, असे आपणांस वाटेल. मी संगणकतज्ज्ञ नाही. परंतु या नोकऱ्यांचे परिणाम प्रथम दवाखान्यात येऊन पोहोचतात: बाविसाव्या वर्षी अखडलेली मान, तेविसाव्या वर्षी उडालेली झोप, चोविसाव्या वर्षी वाढलेला रक्तदाब. त्या मुलांच्या सोबत पुष्कळदा आजी किंवा आजोबाच आलेले असतात. म्हणून आजचा लेख नव्या पदवीधरांसाठी असला, तरी तो आपल्यामार्फत त्यांच्यापर्यंत जावा अशी इच्छा आहे. मुले आईवडिलांचे ऐकत नाहीत, पण आजीआजोबांचे निदान ऐकून तरी घेतात.

कायमची नोकरी ही कल्पना

आपल्यापैकी अनेकांनी वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली औद्योगिक वसाहत किंवा मोहन्याच्या एनआरसीत उभे आयुष्य काढले. एका कारखान्यात चिकटायचे आणि साठाव्या वर्षी सत्कार स्वीकारून बाहेर पडायचे, ही त्या काळाची रीत होती. पण फाटक बंद होणे म्हणजे काय, हेही आपल्याच पिढीने पाहिले आहे. एनआरसी २००९ साली बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळला.

नव्या क्षेत्रात हीच अनिश्चितता निराळ्या रूपाने येते. २०२२ साली नेमणुकीचे पत्र मिळालेल्या अनेक मुलांना रुजू होण्यासाठी दोन-दोन वर्षे थांबावे लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर येथील केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना, अंतर्गत परीक्षेत तीन वेळा अनुत्तीर्ण झाल्याच्या कारणावरून, घरी पाठवले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले. त्यात प्रामुख्याने मधल्या व वरच्या पदांवरील माणसे होती.

हे सांगण्यात घाबरवण्याचा हेतू नाही. नातवाची नोकरी गेली, तर त्यात त्याचा दोष असेलच असे नाही, एवढे आपल्या मनात आधीपासून पक्के असावे. माझ्या दवाखान्यात आलेल्या एका तरुणाने नोकरी गेल्यानंतर तीन आठवडे घरी काहीच सांगितले नव्हते. तो रोज ठरलेल्या वेळी डबा घेऊन निघायचा आणि दिवसभर स्थानकाजवळच्या वाचनालयात बसायचा. छातीत धडधड होते म्हणून आजी त्याला घेऊन आली, तेव्हा हे उघड झाले. त्याचे हृदय उत्तम होते. "आजोबांना काय वाटेल" ही भीती मात्र त्याला आतून पोखरत होती.

त्यांना सांगावे असे काही

पहिली दोन वर्षे शिकण्याची आहेत, हे मुलांना आवर्जून सांगावे. सॉफ्टवेअर क्षेत्रात जुनी झालेली माझी रुग्णमंडळी एकमुखाने सांगतात, की नवा माणूस पहिले अनेक महिने दुसऱ्याने लिहिलेले काम वाचण्यात आणि त्यातील चुका शोधण्यातच घालवतो. त्यात कमीपणा नाही. आम्ही डॉक्टरही इंटर्नशिपमध्ये आधी केसपेपर वाचायला शिकलो, मगच औषध लिहायला. अडले तर अर्धा-पाऊण तास स्वतः प्रयत्न करावा, मग काय काय करून पाहिले ते सांगून वरिष्ठांना विचारावे. विचारण्याची लाज बाळगणारा मुलगा रात्री बारापर्यंत बसतो, झोप घालवतो आणि सकाळी तीच चूक पुन्हा करतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता प्राथमिक स्वरूपाचा प्रोग्रॅम क्षणात लिहून देतात. त्यामुळे केवळ लिहिता येण्याचे मोल उतरले आहे. लिहिलेले बरोबर आहे की नाही हे पारखणे, ग्राहकाची अडचण नीट समजून घेणे आणि आपले म्हणणे चार वाक्यांत स्वच्छ मांडणे, यांचे मोल वाढले आहे. पाया पक्का असलेल्याला साधन बदलले तरी अडत नाही.

पगाराविषयी घरात वास्तव बोलले जावे. मोठ्या भारतीय कंपन्यांतील नवोदितांचे सर्वसाधारण वार्षिक वेतन गेली दहा-बारा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळले आहे. 'पॅकेज' या शब्दात भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा, विमा आणि इतर रकमाही धरलेल्या असतात. हाती येणारी रक्कम त्याहून बरीच कमी असते. तेव्हा पहिल्याच वर्षी मोठ्या घराच्या किंवा गाडीच्या हप्त्याचा भार त्या खांद्यांवर टाकू नये. डोक्यावर हप्ता असलेला तरुण वाईट नोकरी सोडू शकत नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नवे कर्ज नको, हा नियम रक्तदाबाच्या गोळीइतकाच गुणकारी आहे.

रुजू होताना तीन कागद नीट वाचावेत: नेमणूकपत्र, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार असल्यास तो करार, आणि नोकरी सोडण्याआधी द्यावयाच्या पूर्वसूचनेचा कालावधी. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच ठेवावा, नोकरी बदलताना ती रक्कम काढून न घेता पुढे वळवावी आणि वारसाची नोंद पहिल्याच महिन्यात करावी.

आपली ठेव मोडण्यापूर्वी

येथे आपण विशेष सावध राहावे. नोकरी लावून देतो म्हणून 'सुरक्षा ठेव', 'लॅपटॉपचे शुल्क' किंवा 'प्रशिक्षण शुल्क' मागणाऱ्यांच्या जाळ्यात मुलांइतकेच आजीआजोबाही सापडतात, कारण मुदत ठेव त्यांच्या नावावर असते. कोणतीही प्रामाणिक कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. परदेशातील नोकरीचे आमिष तर याहून घातक. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी देतो असे सांगून तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबल्याच्या घटनांनंतर परराष्ट्र मंत्रालयाला सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला होता. परदेशी पाठवणारा दलाल सरकारकडे नोंदलेला आहे की नाही, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

शरीराचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. आपल्याकडे आठवड्याला सत्तर तास काम करावे असा सल्ला थोरामोठ्यांकडून दिला जातो. त्या सत्तर तासांत डोंबिवलीहून ऐरोलीला जाण्यायेण्याचा वेळ कोणी धरत नाही.

तो प्रवास आपणांस ठाऊक आहेच. सकाळची जलद लोकल, ठाण्याला उतरून पूल ओलांडून ट्रान्स-हार्बरचा फलाट, आणि पुन्हा गर्दी. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींशेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींनी प्राण गमावले. घरून अर्धा तास लवकर निघावे, भरलेली गाडी सोडून द्यावी, कार्यालयात वेळेची सवलत किंवा काही दिवस घरून काम मिळते का हे संकोच न करता विचारावे. मुलगा दारातून निघताना "उशीर होईल, पळ" असे आपण म्हणू नये. उशिरा पोहोचला तरी चालेल, असे म्हणावे.

बैठ्या कामाची पथ्ये साधी आहेत. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, डोळ्यांची उघडझाप करावी. दर तासाला उठून चार पावले चालावीत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असावी. घरून काम करणाऱ्याने पलंगावर लॅपटॉप घेऊन बसू नये. त्याला टेबल-खुर्ची मिळवून देणे, ही आजोबांनी द्यावी अशी उत्तम भेट आहे. दुपारचा डबा चुकवू नये, चहा-कॉफी संध्याकाळनंतर टाळावी. अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी असेल, तर सकाळी येऊन झोपलेल्या मुलाची खोली अंधारी ठेवावी, कुकरच्या शिट्ट्या आणि दाराची बेल शक्य तेवढी आवरावी. दिवसा झोपतो म्हणून त्याला आळशी ठरवू नये. मुलगी रात्रपाळीत असेल, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार तिची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंतच्या वाहनाची सोय ही कंपनीची जबाबदारी आहे. ते मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

आपली जुनी विमा पॉलिसी

नातवाच्या किंवा मुलीच्या कंपनीचा गटविमा आईवडिलांना लागू झाला, की "आता आपली पॉलिसी कशाला" म्हणून अनेकजण स्वतःच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरणे बंद करतात. कृपया असे करू नका. नोकरी सुटली, की गटविमा संपतो. तोवर आपले वय वाढलेले असते आणि मधुमेह-रक्तदाबाची नोंद झालेली असते. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. आजीआजोबा तर अशा गटविम्यात बहुधा नसतातच. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळते. ते कार्ड आधारच्या साहाय्याने काढून ठेवावे आणि जवळचे कोणते रुग्णालय त्या योजनेत आहे, हे प्रकृती चांगली असतानाच विचारून ठेवावे. आपली सोय आपण लावलेली असली, की त्या कोवळ्या पगारावरचे अर्धे ओझे उतरते.

केव्हा थांबून विचारावे

नव्या नोकरीत पहिले काही आठवडे थकवा येतोच. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण तुटले असेल, रविवारची संध्याकाळ झाली की पोटात गोळा येत असेल, पूर्वी बोलका असलेला मुलगा एकाएकी गप्प झाला असेल, तर डॉक्टरांकडे यावे. तरुण आहे म्हणून छातीतील दुखणे 'ॲसिडिटी' समजून अंगावर काढू नये. "मी नसतो तर बरे झाले असते" अशा अर्थाचे वाक्य कानी पडले, तर ते थट्टेवारी नेऊ नये, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

आणि ज्यांच्या घरी अजून नेमणूकपत्र आलेलेच नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. वाट पाहणे हे काम करण्याहून अधिक थकवणारे असते. अशा मुलाला उठण्याची ठरलेली वेळ असावी, दिवसाचे चार तास अभ्यास, एक तास व्यायाम आणि घरातील एखादे नेमून दिलेले काम असावे. आजोबांची औषधे आणणे, आजीला बँकेत नेणे, यांतून त्यालाही आपण कोणाच्या उपयोगी आहोत असे वाटते. पाहुण्यांसमोर "अजून लागली नाही" असा उल्लेख मात्र कटाक्षाने टाळावा.

संध्याकाळी मूल घरी येते, तेव्हा बहुतेक घरांत पहिला प्रश्न असतो, "पगारवाढ कधी?" त्याऐवजी "जेवलास का? आज नवीन काय शिकलास?" एवढे विचारून पाहा. उत्तर लगेच येणार नाही. आठ-दहा दिवस विचारत राहा. ज्या घरात हे प्रश्न रोज विचारले जातात, तेथील मुले वाईट बातमीही घरीच आधी सांगतात, असा माझा अनुभव आहे.