संबळाचा ठोका आणि यंत्राची कातर

अंबाजोगाईच्या योगेश्वरीपुढे घातल्या जाणाऱ्या गोंधळाचे ध्वनिमुद्रण संगणकावर घेऊन त्याची लय बदलण्याचा प्रसंग येतो, तेव्हा दोन मार्ग उपलब्ध असतात: १९९४ साली आलेल्या 'रीसायकल' या सॉफ्टवेअरने रूढ केलेला, प्रत्येक ठोक्याच्या आरंभी आपोआप छेद देऊन ते तुकडे नव्या लयीत मांडण्याचा, आणि 'एबलटन लाइव्ह' या सॉफ्टवेअरने लोकप्रिय केलेला, स्वराची उंची कायम राखून सबंध ध्वनीच ताणण्याचा. गोंधळात वाजणाऱ्या संबळापुरता पहिलाच मार्ग ग्राह्य मानावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण काठी चामड्यावर आदळते त्या क्षणार्धातच या वाद्याचे सारे तेज साठलेले असते, आणि ताणल्याने नेमका तोच क्षण पसरट व बोथट होतो. मागे साथीला गाणाऱ्या झीलकऱ्यांचा लांबवलेला सूर मात्र खुशाल ताणावा. तेथे हानी अल्प.

तथापि छेद कोठे द्यावा याची मुखत्यारी यंत्राकडे सोपवणे मला मान्य नाही, कारण मुख्य आघातांमधले हलके ठोके ते बिनदिक्कत गाळते आणि उरलेले समान अंतरांच्या चौकटीत बसवून वादकाची किंचित रेंगाळणारी चाल नाहीशी करते. यंत्राने किती हलका ठोका टिपावा, ही संवेदनक्षमतेची मर्यादा कानानेच ठरवावी, आणि शक्य तेथे खुद्द गोंधळ्यालाच शेजारी बसवून प्रत्येक छेद त्याच्याकडून मंजूर करून घ्यावा.