दूरचित्रवाणी आणि आपला जिल्हा

दूरचित्रवाणी हे आता घरोघरचे साधन झाले आहे. तीपासून मुलांचे हित होते की अहित, हा वाद पुष्कळांनी केला आहे. आज आम्ही वाचकांपुढे निराळा प्रश्न ठेवितो : ह्या पडद्यावर आपला जिल्हा कितीसा दिसतो ?

आपल्या देशात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे प्रांतोप्रांती केंद्रे निघाली, तेव्हा प्रादेशिक प्रसारणाची विभागणी मुख्यत्वे भाषेवरून झाली. तामिळनाडूस तामीळ, बंगालला बंगाली, महाराष्ट्रास मराठी. हे योग्यच झाले. स्वभाषेत ऐकलेले अंतःकरणास पोहोचते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या भाषेत शिष्यांचे बोलणे ऐकले, ह्याचे मर्म तेच होय.

परंतु भाषा एक म्हणून प्रदेशही एकच, हे मानणे आम्हांस मान्य नाही. अंबाजोगाईस दूरदर्शनचे क्षेपणकेंद्र झाले खरे. पण दुरून आलेले चित्र गावोगाव पोहोचविणे एवढेच त्याचे काम. बीडचे चित्र बाहेर पाठविण्याची सोय तीत नव्हती. आकाशवाणीने मात्र बीडास स्वतःचे केंद्र दिले. जे कानांस मिळाले ते डोळ्यांस मिळाले नाही.

इतरत्र निराळी व्यवस्था आढळते. जर्मनीत प्रांतवार प्रसारणसंस्था आहेत व १९५० साली त्यांनीच आपला संघ स्थापिला. तेथे प्रांतांच्या हातूनच राष्ट्रीय प्रसारण घडले. फार दूर कशास जावे ? गुजराथेतील खेडा जिल्ह्यात १९७५ साली पीज येथील लहानशा क्षेपणकेंद्रावरून खेड्यांसाठी कार्यक्रम सुरू झाले. अस्पृश्यता, मजुरांची पिळवणूक असे गावचेच प्रश्न त्यांत येत व गावकरी त्यांत भाग घेत. पुढे तो प्रयोग थांबला. तथापि जिल्ह्याची दूरचित्रवाणी शक्य आहे, हे त्याने दाखवून दिले.

आपल्याकडे ती नाही, म्हणून काय बिघडले ? आमच्या मते पुष्कळ बिघडले. बीडचे नाव पडद्यावर येते ते बहुधा दुष्काळ पडला किंवा गुन्हा घडला म्हणजे. दरसाल हजारो कुटुंबे कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. त्यांचे कष्ट व त्यांच्या लेकरांच्या शाळेची आबाळ ह्यांविषयी त्यांच्याच तोंडून क्वचितच ऐकू येते. मालिकांत आपली बोली बहुधा हशा पिकविण्यापुरती येते. मग आमचे विद्यार्थी परगावी गेले की तोंड उघडावयास लाजतात. ज्या अंबाजोगाईस आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, त्या भूमीच्या लेकरांनी आपल्या मराठीची लाज बाळगावी, हे दुर्दैव होय. पेत्रही बोलण्यावरून गालीली म्हणून ओळखला गेला होता. परंतु पुढे त्याच मुखाने त्याने सहस्रावधि लोकांस उपदेश केला.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे. ज्याला जे दाखवावयाचे ते त्याने दाखवावे. हे काही अंशी खरे आहे. पण खरेखोटे पारखणे, दोन्ही बाजू मांडणे व दुर्बळाचे गाऱ्हाणे धीराने ऐकून घेणे ही जबाबदारी सार्वजनिक संस्थेची आहे. खर्चाची अडचण सांगावी, तर आता चित्रणाची साधने पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झाली आहेत. यास्तव दूरदर्शनने प्रत्येक जिल्ह्यास आठवड्यातून निदान अर्धा तास द्यावा, व तो कार्यक्रम त्या जिल्ह्यातील माणसांनीच तयार करावा, अशी आमची मागणी आहे.

ती मान्य होईपर्यंत आपण स्वस्थ बसू नये. विद्यार्थ्यांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या, शेतीचे शब्द, गावच्या बारवांची व देवळांची माहिती लिहून ठेवावी. जे लिहितील ते पारखून लिहावे. पालकांनी मुलांस प्रमाण मराठी अवश्य शिकू द्यावी, पण घरच्या बोलीस हसू नये. संधी येईल तेव्हा सांगण्याजोगे आपल्यापाशी काही असले पाहिजे. ती तयारी शाळेत व घरी आजच होऊ शकते.