हेड गॅस्केट घरी बदला, पण पट्टी लावूनच

गोराईतली आमची जुनी डिझेल जीप भाजी भरलेली असताना उकळली. डिपस्टिकवर ऑईल दुधाळ, रेडिएटरात बुडबुडे. म्हणजे हेड गॅस्केट गेलं. टोचन करून भाईंदरमार्गे बोरिवलीला कोण नेणार? अंगणातच बदललं. पंधरा दिवसांत परत तेच! हेड वाकलेलं, मी सरळ पट्टी लावून बघितलंच नव्हतं.

मग नुसतं हेड बोटीने बोरिवलीला नेऊन फेसिंग करून आणलं. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळले. ऑईल बदललं. मूळ दुखणं चोक झालेला रेडिएटर, तोही साफ केला.

माझं मत : काम घरी जरूर करा, पण इंजिन का तापलं ते आधी शोधा. ट्रॅक्टरलाही हेच लागू. नाहीतर गॅस्केट फुकट आणि भाजी उकिरड्यावर.