शाळा फक्त मुलीचीच का सुटते?

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला बहिणीचा गावाहून फोन आला. एवढ्या उशिरा फोन वाजला की आधी आजारपणच मनात येतं. पण आजारी कुणी नव्हतं. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, दहावीत आहे. वर्गातल्या एका मुलासोबत जेट्टीवर काढलेला तिचा फोटो कुणीतरी स्टेटसवरून उचलला आणि संध्याकाळपर्यंत तो गावातल्या बहुतेक फोनवर पोचला. मुलगा भंडारी समाजातला. फोटोत दोघं वडापाव खात हसतायत, शेजारी दप्तरं पडलेली. एवढंच.

घरात निर्णय झाला होता : उद्यापासून शाळा बंद. मेहुण्यांनी कुवेतहून त्याला होकार दिला होता. बहीण म्हणाली, “भाई, तू बोल त्यांच्याशी. तू शिकलेला, तुझं ऐकतील.” मग थोडं थांबून म्हणाली, “त्या वेळी तू काहीच बोलला नव्हतास.”

‘ती वेळ’ 2003 सालची. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव. एका बाजूला मोहल्ला, दुसऱ्या बाजूला खारवीवाडा आणि भंडारवाडी, मध्ये हायस्कूल. मी दहावीत होतो. खारवीवाड्यातली एक मुलगी माझ्याच वर्गात होती. तिची आई आमच्या दारात मासळी घेऊन यायची, अम्मीशी तासभर गप्पा मारायची. गणिताच्या जादा तासाला आम्ही दोघंच शेवटपर्यंत टिकलो, त्यातून मैत्री झाली. एसटीची वाट बघताना बोलायचो. ते प्रेम होतं का? पंधराव्या वर्षी त्याला काय म्हणायचं हे मला कळत नव्हतं, आजही नक्की सांगता येणार नाही. तिची वाट बघावीशी वाटायची, एवढं खरं. वाढदिवसाला मी तिला एक ग्रीटिंग कार्ड दिलं आणि ते तिच्या चुलत्याच्या हाती लागलं.

गावात दंगा झाला नाही. मोहल्ल्यातले चार आणि वाडीतले चार जाणते दोनदा बसले, चहा झाला, प्रकरण ‘सामोपचाराने’ मिटलं. आमच्या गावाला त्या सामोपचाराचा अजून अभिमान आहे. काय मिटलं ते सांगतो. त्या मुलीची शाळा सुटली. तिला मामाकडे पाठवलं. पुढे तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली म्हणतात, आणि लवकरच तिचं लग्न झालं. माझी परीक्षा होताच मला मुंब्र्याला चाचांकडे धाडलं. तिथे ज्युनिअर कॉलेज, मग इंजिनीअरिंगची पदवी, मग पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. आमच्या दोघांच्या ‘चुकी’ची शिक्षा म्हणून मला शहर मिळालं.

तिसरी शिक्षा कुणी मोजलीच नाही. माझी धाकटी बहीण तेव्हा आठवीत होती. तिने काहीच केलं नव्हतं. तरी अब्बा म्हणाले, “आता हिला त्या शाळेत नको.” मी तिथेच बसलो होतो. मान खाली घालून बसलो. आज फोनवर बोलत होती ती हीच बहीण.

म्हणून हा लेख. लव्ह जिहाद नावाच्या आरोपाविरुद्ध आपण बोलतो आणि बोललंच पाहिजे. मुस्लिम तरुण कट करून मुलींना फूस लावतात, हा खोटा प्रचार आहे आणि त्याची किंमत आपली मुलं मार खाऊन मोजतात. 13 डिसेंबर 2022 ला महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी ‘कुटुंब समन्वय समिती’ नेमली. आधी तिच्या कक्षेत आंतरजातीय विवाहही होते, टीका झाल्यावर ते वगळले, आंतरधर्मीय तेवढे ठेवले. सरकारने सज्ञान माणसांच्या घरात डोकावू नये, असं आपण म्हणालो ते बरोबरच होतं.

पण ही पाळत आपल्या घरातही नाही का? आपल्या मोहल्ल्यात एखाद्याने बाहेरची मुलगी आणली, तिने कलमा पढला, की चार महिने कुरकुर होते आणि मग तिच्या हातचा शिरखुर्मा सगळ्यांना गोड लागतो. आपली मुलगी बाहेर गेली तर तिचं नावसुद्धा घेतलं जात नाही. मजहबचा दाखला दोन्हीकडे देता येईल, पण नाव टाकण्यामागे मजहबपेक्षा इज्जतीचा हिशेब जास्त असतो. वाडीतही थोड्याफार फरकाने तेच : येणारी सून खपते, जाणारी लेक खपत नाही. इतर कशात एकमत नसलेली ही दोन घरं मुलींना कोंडण्याच्या बाबतीत मात्र कधी भांडत नाहीत.

आणि आपण कोकणी मुसलमान! आपल्या वाडवडिलांनी सांगितलेला इतिहास आठवा. दाभोळसारख्या बंदरांत अरब व्यापारी उतरले, इथेच राहिले, इथल्या बायकांशी संसार केले. म्हणून आपल्या घरात तांदळाची भाकरी आहे, सांदणं आहेत, आणि आजी अजून उर्दूत नाही, कोकणीत रागावते. दोन संस्कृतींच्या लग्नातून आलेल्या समाजाने दोन दप्तरं शेजारी दिसली म्हणून हादरून जावं, हे मला पटत नाही.

यावर मेहुण्यांनी जे विचारलं ते खोटं नव्हतं. “वातावरण बघतोयस ना? उद्या काही झालं तर कोण येणार?” ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. 1965 साली हमीद दलवाईंनी ‘इंधन’ कादंबरीत कोकणातलंच गाव उभं केलं. एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या माणसांतही आग किती पटकन लागते, हे त्यात आहे. आज तर काडी बाहेरूनही येते. 2003 मध्ये गोष्ट चहाच्या टपरीपासून एसटी स्टँडपर्यंत जायला दोन दिवस लागायचे. आता मूल घरी पोचायच्या आत स्क्रीनशॉट जिल्ह्याला पोचलेला असतो. माझा धंदाच हा आहे म्हणून सांगतो, एकदा गेलेला फोटो परत येत नाही. त्या मुलाच्या वडिलांनाही त्या संध्याकाळी तालुक्याहून अनोळखी माणसांचा फोन आला होता : “मुलीच्या घरचं नाव द्या, बाकी आम्ही बघतो.”

ते रिक्षा चालवतात. त्यांनी नाव दिलं नाही. रात्री ते आणि त्यांची बायको माझ्या बहिणीच्या ओटीवर येऊन बसले. म्हणाले, “पोरं आपली आहेत, बोलू आपणच.” मी फोनवर होतो. बाहेरच्यांपासून मुलांना वाचवायचं तर आधी दोन घरांनी एकमेकांशी बोलावं लागतं, हे मला त्या रात्री समजलं. शाळा बंद केली असती तर ‘काहीतरी होतं’ हे आपणच सिद्ध केलं असतं.

मुलांनाही खरं सांगायला हवं. कुणी त्यांना कायदा सांगत नाही, फक्त धाक घालतात. मैत्री करणं, बोलणं, फोटो काढणं गुन्हा नाही. पण 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे. शारीरिक संबंध आला तर ‘आमची दोघांची मर्जी होती’ हे म्हणणं कायदा मोजत नाही. त्याआधी संमतीचं वय 16 होतं. मुलगाही 18 च्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. हा कायदा मुलांच्या रक्षणासाठी आहे, नावडत्या मैत्रीचा सूड घेण्यासाठी नाही. विधी आयोगाने सप्टेंबर 2023 च्या 283 व्या अहवालात वय 18 च ठेवावं असं सुचवलं, पण 16 ते 18 वयातल्या परस्परसंमतीच्या प्रकरणांत न्यायाधीशांना तारतम्य वापरता यावं असंही म्हटलं. हे मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, न लाजता सांगता येतं. मी भाचीला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “मामू, मग फोटो ठेवू की काढू?” मी म्हणालो, फोनमध्ये ठेव, स्टेटसवर नको.

सज्ञान झाल्यावरची वाटही त्यांना माहीत असावी. 1954 चा विशेष विवाह कायदा धर्म न बदलता लग्न करू देतो. मुलगी 18 ची, मुलगा 21 चा, आणि 30 दिवसांची नोटीस. सज्ञान व्यक्तीने कुणाशी लग्न करावं हा तिचा प्रश्न आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हादियाच्या प्रकरणात स्पष्ट केलं. याचा अर्थ पंधराव्या वर्षीच्या प्रत्येक हसण्याचं लग्न लावा असा नाही. या वयातलं बहुतेक ओढलेपण आपोआप निवळतं, निखळ मैत्री उरते. आपण आरडाओरड केली की तेच पळून जाण्याचं कारण होतं. घरी बोलता येणारं मूल सहसा रात्रीची एसटी पकडत नाही.

म्हणून गावागावांतल्या जमातींना माझं सांगणं साधं आहे. एक, असं काही कानावर आलं तरी कोणत्याही मुलीची शाळा सुटणार नाही, असा ठराव करा आणि मुलाला-मुलीला एकच नियम लावा. दोन, वाडीतल्या जाणत्यांशी आधीच बोलून ठेवा की बाहेरच्या कुणाला नावं द्यायची नाहीत. तीन, वर्षातून एकदा शाळेत वकील बोलावून मुलांना आणि पालकांना हे कायदे समजावून सांगा. याला पैसा लागत नाही.

भाची तिसऱ्या दिवशी शाळेत गेली. तो मुलगाही गेला. सासूबाई अजून नाराज आहेत, मेहुणे फोनवर कमी बोलतात. सगळं गोड झालंय असं मी म्हणणार नाही. 22 वर्षांपूर्वी जे बोलायला हवं होतं ते आत्ता बोललो, म्हणून बहिणीची आठवी परत येत नाही. तिने तसं बोलूनही दाखवलं.

आमच्या जमातीच्या पुढच्या बैठकीत मी हा ठराव मांडायला गावी जाणार आहे. बहीणही येणार म्हणते. बैठकीत बायकांनी बसायची पद्धत आमच्याकडे नाही. ती म्हणाली, “मग दाराबाहेर खुर्ची टाकून बसेन. पण या वेळी मला ऐकायचंय, कोण काय बोलतं ते.”