जुन्या ट्रॅक्टरची जोडी

माझा मावसभाऊ अमेरिकेत आयोवा राज्यात असतो. नोकरी संगणकाची, पण मन मातीत. काही वर्षांपूर्वी त्याने शहराबाहेर थोडी जमीन घेतली आणि पाठोपाठ एक जुना ट्रॅक्टरही घेतला. लाल रंगाचा फार्मॉल एम. 1939 ते 1952 या काळात असे अडीच लाखांहून जास्त ट्रॅक्टर निघाले. यंदा त्याने पाच एकर मका लावलाय. परवा फोनवर म्हणाला, "दादा, आता याला शोभेलसा कॉर्न पिकर घ्यायचाय. जुनाच. तू सांग, कुठला घेऊ?"

मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कचेरीत फायली हलवणारा माणूस. मला कसलं विचारतोस, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण 'शोभेलसा' हा शब्द डोक्यात राहिला. मग वाचत गेलो, त्याला प्रश्न विचारत गेलो, आणि माझं एक मत तयार झालं. तेच इथे मांडतो.

आधी कॉर्न पिकर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे मका म्हणजे पावसात रस्त्याकडेला भाजलेलं कणीस. हे यंत्र मक्याच्या ओळीतून जातं. फिरणाऱ्या दोन रुळांमध्ये ताट खाली ओढलं जातं, कणीस वर अडकून तुटतं, पुढच्या रबरी रुळांवर त्याचा पाला सोलला जातो आणि कणसं मागच्या गाडीत पडतात. दाणे काढायचे नाहीत. अख्खी कणसं फटींच्या भिंती असलेल्या हवेशीर कोठीत भरायची आणि वाऱ्यावर वाळू द्यायची.

त्याआधी हे सगळं हाताने चाले. तळहाताला लोखंडी आकडा बांधून माणूस कणीस सोली आणि घोडागाडीत फेकी. हेन्री वॉलेस नावाच्या शेती-संपादकाने 1924 साली या कामाची शर्यतच सुरू केली. पुढे जत्रेला लोटावी तशी लाखावर माणसं ती बघायला जमू लागली. गंमत अशी, की याच वॉलेसने 1926 मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली. संकरित मक्याची ताटं ताठ उभी राहात, आडवी पडत नसत, त्यामुळे यंत्राचं काम सोपं झालं. हाताच्या कसबाचा उत्सव मांडणाऱ्यानेच त्या कसबाची गरज संपवायला हातभार लावला! पुढे हाच गृहस्थ अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. शर्यत 1941 नंतर थांबली. आणि 1950 च्या दशकात शेतातच दाणे काढणारी कंबाइन आली, तशी पिकरचीही उतरती कळा लागली.

असो. मुद्दा निवडीचा. भावासमोर दोन पर्याय होते. एक, दोन ओळींचा पिकर, जो ट्रॅक्टरच्या अंगावरच दोन्ही बाजूंनी चढवतात. दुसरा, एका ओळीचा, ट्रॅक्टरच्या मागे जोडून ओढायचा. त्याचं मन पहिल्यावर बसलेलं. कारण उघड आहे. चढवलेल्या पिकरसह जुना लाल ट्रॅक्टर म्हणजे पालखीत बसलेला देव. शिवाय एमची पुढची चाकं जवळजवळ असतात, त्यामुळे तो दोन ओळींच्या मधून नीट जातो आणि असा पिकर त्याला बसतो. शेतात पहिली फेरी मारताना उभं पीकही चिरडत नाही. ओढायचा पिकर बाजूला सरकलेला असतो, त्याच्या पहिल्या फेरीत थोडा मका चाकाखाली जातोच. हे मुद्दे खोटे नाहीत.

तरीही मी म्हटलं, मागे ओढायचाच घे. न्यू आयडिया कंपनीचा 323 हा एका ओळीचा पिकर तिकडे अजून जुन्या बाजारात फिरतो. तो नाही मिळाला तर तसाच दुसरा.

कारणं सांगतो. चढवायचा पिकर बसवण्यात नि काढण्यात खूप वेळ जातो, आणि हंगाम संपेपर्यंत ट्रॅक्टर दुसऱ्या कामाचा राहात नाही. सुका पाला इंजिनाभोवती साठतो, त्यातून आगी लागतात. ओळींचंही माप बघावं लागतं. जुने दोन ओळींचे पिकर साधारण चाळीस इंच अंतरासाठी बनलेले, कारण ओळींमधून घोडा जायचा. आज पेरणी तीस इंचांवर होते. एका ओळीच्या पिकरला ही अडचण बरीच कमी.

आणि सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. पिकरला फिरवणारी शक्ती ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यातून येते, ज्याला पीटीओ म्हणतात. मिनिटाला 540 फेरे. एमवर हा दांडा क्लचला बांधलेला आहे. क्लच दाबला की ट्रॅक्टर थांबतो आणि पिकरही थांबतो. म्हणजे पाला जास्त आला म्हणून जरा थांबून यंत्राला तो गिळू द्यावा, तर ते होत नाही. रूळ तुंबतात. तुंबले की माणूस खाली उतरतो. आणि इंजिन चालू, दांडा फिरता ठेवून अडकलेलं ताट हाताने ओढतो.

रूळ ताट खेचतात ते माणसाची मूठ सुटण्याआधी. या यंत्रांनी अमेरिकेत असंख्य शेतकऱ्यांची बोटं, हात नेले. भावाच्या शेजारी एक म्हातारा शेतकरी आहे, त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. भावाने पिकरचा विषय काढला तेव्हा त्याने काही उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "तुझा एम बंद केल्यावर लगेच सुरू होतो का?"

मला वाटतं, या एका प्रश्नात सगळी निवड आहे. एमची मूळ बॅटरी सहा व्होल्टची. थंडीत इंजिन परत सुरू व्हायला कुरकुर करतं, म्हणून माणूस ते बंदच करत नाही, आणि तिथे बोटं जातात. म्हणजे पिकर निवडण्याआधी बॅटरी, स्टार्टर, वायरी दुरुस्त करायला हव्यात. मग पिकरचे साखळ्या, रूळ बघायचे आणि फिरत्या दांड्यावरचं झाकण शाबूत आहे ना, ते बघायचं. एका ओळीचा पिकर एमच्या ताकदीला हलका पडतो, त्यामुळे तुंबणंही कमी. पाच एकराला घाई कसली?

आपल्याला जुन्या वस्तूंचं प्रेम फार. घरातला रहाट, दिवजां, पितळेची घागर, सगळं धुऊनपुसून दिवाणखान्यात मांडतो. पण वापरात ठेवायची तर वस्तूचा स्वभाव ओळखावा लागतो, तिची खोड माहीत असावी लागते. आमच्या गावातल्या खाजन शेतात एका वर्षी भाड्याने मोठं कापणी यंत्र आणलं होतं. मोठं ते चांगलं, एवढाच हिशेब. ते चिखलात असं रुतलं, की भात बाजूला राहिलं आणि अख्खा गाव यंत्र ओढत बसला. तिथेही मातीला कुणी विचारलं नव्हतं.

जुनं जपावं या मताचा मी आहेच. पण जुन्या काळाच्या आठवणीत त्या काळाने घेतलेली किंमत झाकली जाऊ नये. त्या म्हाताऱ्याची बोटं हाही त्या लाल ट्रॅक्टरच्या वैभवाचाच भाग आहे. ज्याला हे आठवतं त्याने खुशाल जुनं यंत्र चालवावं.

भावाने अजून पिकर घेतलेला नाही. काल फोन आला होता. म्हणाला, "दादा, बॅटरी नवी बसवली. पहिल्या झटक्याला सुरू होतो." मी म्हटलं, "मग आता बघ पिकर."