विडी चारचौघांत सुटते

मैत्रिणींनो, कपड्यांवरच्या डागांविषयी लिहिलं, त्यावर जळगावच्या एका भगिनीचं पत्र आलं. लिहितात, "ह्यांच्या सदऱ्याला पडलेली विडीची भोकं रफू करून मी दमले. भोकं पडूच नयेत यावर काही सांगा ना!"

सांगते. पण आधी आपण काय काय करून बसतो ते कबूल करू या. बंडल लपवतो, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो, अबोला धरतो. धुळ्याच्या माझ्या मामेभावानं अशा तीन शपथा मोडल्या. चौथ्या खेपेला शपथ वगैरे काही नाही. दर रविवारी सकाळी गल्लीतल्या एका मास्तरांच्या अंगणात पाच-सहा विडीवाल्यांबरोबर तो बसू लागला. मास्तरांची स्वतःची वर्षापूर्वी सुटलेली. "काल बाजारात ओढली" असं तिथं खुशाल सांगता यायचं. कोणी रागवायचं नाही. कुठे, कोणाबरोबर, कशानंतर, एवढंच विचारायचे. याची पहिली विडी सकाळच्या चहाबरोबरची. मंडळींनी सुचवलं, महिनाभर चहा आंघोळीनंतर घे आणि घेतल्या घेतल्या कामाला बाहेर पड. हेच वहिनीनं सांगितलं असतं तर भांडण झालं असतं!

ही रीत काही नवी नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण काढलं ते गर्दच्या व्यसनासाठी. तिथंही एकमेकांसमोर मोकळं बोलण्यावर मोठा भर. तंबाखूचं म्हणाल, तर २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं, की नुसती पुस्तिका वाचून सोडू पाहणाऱ्यांपेक्षा गटात बसणाऱ्यांना यश येण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट असते.

आपलं काम घरातलं. पहिले तीन-चार दिवस फार वाईट. चिडचिड होते, झोप उडते, भूक वाढते, पोट साफ होत नाही. दोन-चार आठवड्यांत हे बरंचसं ओसरतं. तेवढ्या दिवसांत पाहुणे बोलावू नका आणि जुने हिशेब काढू नका. तलफ काही मिनिटांचीच असते. बडीशेप, भाजलेले तीळ, पेलाभर ताक हाताशी ठेवा. सुपारी मात्र नको, तिनंही तोंडाचा कर्करोग होतो. निकोटिनचं च्युइंगम मिळतं, पण डॉक्टरांना विचारून. १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे. सिव्हिल हॉस्पिटलातही चौकशी करा. आणि गट म्हणजे काही मोठी संस्था लागत नाही, तिघं जमले तरी पुरे.

आता एक कानात सांगते. मामेभावाची विडी सुटली, तेव्हा एका सकाळी तो सहज म्हणाला, "आणि तुझी मिसरीची डबी गं?" वहिनी गप्पच! २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या दर सहा बायकांमागे साधारण एक मिसरी, तंबाखू असलं काहीतरी वापरणारी निघाली. दात घासायला म्हणून घेतो, आणि दिवसातून चारदा दात घासतो.

हल्ली गुरुवारी दुपारी वहिनीकडे चौघीजणी बसतात. दोघींची सुटली. वहिनीची अजून सुटायची आहे, पण परवा कितीदा लावली ते तिनं खरं सांगितलं.