चूक नोंदीतील, दंड चालकाला

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडसारख्या गावात दुकानदारी मालवाहू गाडीच्या भरवशावर चालते. किराणा अकोटहून येतो, कापड अकोल्याहून येते, हंगामात कपाशी जिनिंगकडे जाते. या फेऱ्यांत मालक गादीवर असतो आणि रस्त्यावर असतो तो चालक. वाहतूक पोलिसांच्या यंत्रात त्याचा परवाना ‘मुदतबाह्य’ किंवा ‘नोंद नाही’ असा दिसला, की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८१ खाली ५,००० रुपयांचा दंड त्याच्यावर बसतो. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती गाडी दिली म्हणून कलम १८० खाली तेवढाच दंड मालकावरही बसू शकतो.

व्यापारी माणूस अशा वेळी एकच हिशेब करतो. कचेरीच्या खेपा घालण्यात दुकानाचे दोन दिवस जाणार, त्यापेक्षा पैसे भरून मोकळे व्हावे. परवान्याची मुदत खरोखरच संपली असेल, तर हा हिशेब बरोबर आहे. पूर्वी मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती गेली. तेथे वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु परवाना चांगला असून नोंदच चुकलेली असेल, तर तोच हिशेब महागात पडतो. दंड भरल्याने ते प्रकरण मिटते, नोंदीतील चूक मात्र जागच्या जागी राहते आणि पुढच्या नाक्यावर यंत्र पुन्हा तेच उत्तर देते. अपघात घडलाच, तर विमा कंपनी आधी परवाना पाहते. त्या वेळी आपणच मुकाट्याने भरलेल्या दंडाची पावती आपल्याविरुद्ध पुढे केली जाऊ शकते.

अशी चूक होते कशी, हे पाहण्यासारखे आहे. परवान्याची मुदत जन्मतारखेशी बांधलेली असते. जुन्या नियमाप्रमाणे खासगी वाहनाचा परवाना २० वर्षे किंवा वयाची ५० वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चाले. समजा, १९७८ साली जन्मलेल्या चालकाला २००८ साली परवाना मिळाला. त्याची मुदत २०२८ पर्यंत. जुन्या नोंदी संगणकात उतरवताना कोणी १९७८ ऐवजी १९६८ लिहिले, तर तोच परवाना २०१८ सालीच संपलेला दिसेल. चालकाच्या हातातील पुस्तिकेवर खरी तारीख आहे, यंत्रात खोटी. आणि रस्त्यावर उभा असलेला शिपाई यंत्रावर विश्वास ठेवतो. त्यालाही फार दोष देता येत नाही. काही जुने परवाने तर ‘सारथी’ प्रणालीत चढलेलेच नसतात.

अशा प्रकरणात एक मुद्दा धरून ठेवावा लागतो. कायद्यातील गुन्हा परवाना नसण्याचा आहे, तो संगणकात न दिसण्याचा नाही. म्हणून ज्या परिवहन कार्यालयाने परवाना दिला, तेथून आधी त्याचा अधिकृत उतारा घ्यावा. शाळा सोडल्याचा दाखला जोडून जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज करावा, किंवा नोंदच नसेल तर ती चढवून घ्यावी, आणि अर्जाची पोच जपावी. त्यानंतर ई-चलानाविरुद्ध वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी. तक्रार फेटाळली गेली तरी दंड भरलाच पाहिजे असे नाही. तडजोडीचा दंड नाकारता येतो. मग प्रकरण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाते आणि तेथे तो उतारा यंत्राच्या पडद्यापेक्षा वजनदार ठरतो. न्यायालयाची तारीख आली तर मात्र ती चुकवू नये.

एक तक्रार व्यापाऱ्यांच्या विशेष उपयोगाची आहे. चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना असतो, पण त्यावर ‘परिवहन वाहन’ असा शेरा नसतो. आणि गाडीला पिवळी पाटी असते. हा वाद वर्षानुवर्षे विम्याच्या दाव्यांत अपघातग्रस्तांच्या कुटुंबांना छळत आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मुकुंद देवांगन प्रकरणात असा वेगळा शेरा लागत नाही असे म्हटले. त्यावर पुन्हा शंका निघाली, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभा देवी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तोच निर्णय कायम केला. मालासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. ई-रिक्षा आणि धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्या यांचे नियम निराळे. गावोगाव फिरणाऱ्या पिकअप गाड्यांचे एकूण वजन साधारण तीन-साडेतीन टन असते. म्हणजे त्या या मर्यादेत सहज बसतात. केवळ शेरा नाही म्हणून दंड लावला गेला, तर नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजनाचा आकडा आणि हा निकाल एवढे दोनच कागद तक्रारीला जोडावेत.

विम्याच्या बाबतीत न्यायालयाची दृष्टी मालकाला आधार देणारी आहे. २००४ सालच्या स्वर्ण सिंग प्रकरणात ठरले, की परवान्यात केवळ दोष दाखवून कंपनी सुटत नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हे तिला सिद्ध करावे लागते. ही काळजी घेतल्याचा पुरावा चालकाला कामावर ठेवतानाच तयार होतो. दिवाणजीने परवान्याची प्रत घ्यावी, त्याच दिवशी तो क्रमांक ‘एम-परिवहन’वर तपासावा आणि तारखेसह त्याची छापील प्रत विम्याच्या कागदांत लावावी. नोंदीत चूक असेल तर ती नाक्यावर निघण्याऐवजी गादीवरच निघते.

चालक मात्र या साऱ्यात फार एकटा पडतो. पोलिसांनी परवाना ताब्यात घेतला, तर कलम २०६ प्रमाणे त्याला तात्पुरती पोचपावती मिळाली पाहिजे, आणि परवाना परत मिळेपर्यंत त्या पावतीवर त्याला गाडी चालवता येते. ही गोष्ट अनेक चालकांना ठाऊक नसते. ते पावती न मागता घरी येतात, आणि मालक दुसरा चालक शोधू लागतो.